ड्राफ्टमध्ये मोठ्या खेळाडूचा मुलगा : तिसऱ्या नंबरला उचलायचा की दहाव्यापर्यंत थांबायचं?

सोळायार्ड (सोलापूर)

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

सहा संघांची जिल्हा पातळीवरची हॉकी लीग आहे. खेळाडूंचा ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडायचा) गड्ड्याची जत्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी. संघात १६ जण, त्यातले ३ एकोणीस वर्षांखालचे, आणि नियम असा की त्या तिघांतला एक तरी सतत मैदानात पाहिजे. ड्राफ्ट नागमोडी आहे: पहिल्या फेरीत १ ते ६, दुसऱ्या फेरीत उलटं ६ ते १. आमची चिठ्ठी तिसरी निघाली, म्हणजे आमच्या वाट्याला ३, १०, १५, २२ असे नंबर येतात. सामने इथेच, मुरमाच्या मैदानावर, १५ मिनिटांचे चार क्वार्टर, बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर.

प्रश्न एका पोरावरून आहे. वय १७. लेफ्ट इन (डावीकडचा आतला फॉरवर्ड) खेळतो, पेनल्टी कॉर्नरला (गोललाइनवरून पुश केलेला बॉल वर्तुळाबाहेर थांबवून गोलवर मारायचा) ड्रॅग फ्लिक मारतो, म्हणजे बॉल स्टिकने ओढत नेऊन फेकतो. वडील भारताकडून खेळलेले फुलबॅक, त्यांच्या काळातले कॉर्नरचे नावाजलेले हिटर. नाव लिहीत नाही. मुलगा पुण्यात टर्फवर (कृत्रिम गवतावर) वाढलाय, आजोळ सोलापूरचं म्हणून इकडून खेळणार आहे.

हातात आहे ते एवढंच: चार मिनिटांचा एक व्हिडिओ (११ फ्लिक, त्यातले ९ गोल, बाकी सगळं ड्रिब्लिंग), शालेय स्पर्धेतला गोलांचा आकडा, आणि कुणालाही विचारलं की "अहो, कुणाचा मुलगा आहे तो!" हे ठरलेलं उत्तर. आमच्या मालकांना तो तिसऱ्या नंबरलाच पाहिजे. फ्लेक्स कुठल्या चौकात लावायचा तेही त्यांच्या डोक्यात पक्कं झालंय.

ड्राफ्टच्या आधी मुलगा दोन दिवस सोलापुरात येऊन ट्रायल द्यायला तयार आहे. या दोन दिवसांत नेमकं काय तपासायचं? आणि वडिलांच्या नावाचं वजन हिशेबातून काढायचं कसं?

---

पाचवाहाफ

टर्फवरचं पोर मुरमावर आलं की दोन दिवसांत तोंड पाडतं. बापाच्या नावावर तिसरा नंबर घालवू नका. इथली महापालिका शाळांतली पोरं अनवाणी खेळून तयार झालीत, त्यांना ट्रायलला बोलवायला कुणाला सुचत नाही.

---

मुरूमकर

पाचवाहाफ, इथल्या पोरांना बोलवाच, त्याच ट्रायलमध्ये, त्याच बिब घालून. त्याचं कारण खाली येईल.

सोळायार्ड, व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. ११ पैकी ९ गोल दिसतात कारण न झालेले कापून टाकलेत. तरी बघणारच असाल तर दोन गोष्टी बघा. फ्लिक सुटताना गोललाइनवरून रशर (फ्लिक अडवायला धावणारा बचावपटू) धावत येतोय का? येत नसेल तर ती प्रॅक्टिस झाली, कॉर्नर नाही. आणि बॉल थांबवणारा कोण आहे? स्वच्छ थांबलेल्या बॉलवर फ्लिक करणं आणि थरथरत थांबलेल्या बॉलवर करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. मुरमावर दुसरंच वाट्याला येतं.

आता मैदानाचं. टर्फवर बॉल जमिनीला धरून येतो. त्यामुळे तिथली पोरं बॉल अंगापासून लांब, उजव्या पायाच्या पुढे घेतात आणि त्याच हालचालीत वळून निघतात. दिसायला सुरेख. मुरमावर शेवटच्या हातभर अंतरात बॉल खड्यावर उसळतो आणि लांब धरलेल्या स्टिकवरून निघून जातो. इथे पाय बॉलच्या रेषेत, अंग मागे, खालचा हात सैल, स्टिकचा वरचा भाग पुढे झुकवलेला, असा ट्रॅप लागतो. म्हणजे पहिल्या दिवशी त्याचे बॉल सुटणारच. त्यावरून त्याला नापास करू नका. सुटल्यावर तिसऱ्या-चौथ्या वेळी तो पाय हलवायला लागतो का, का तेच लांबून घेणं चालू ठेवतो, ते बघा. कुणी न सांगता बदल केला तर ती फार मोठी गोष्ट आहे. सांगितल्यावर केला तरी चांगलं. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर फेब्रुवारीतही तेच राहील.

ड्रॅग फ्लिकचंही तसंच. टर्फवर स्टिक बॉलला चिकटून दोन-अडीच हात घसरते, त्या ओढण्यातूनच वेग येतो. मुरमावर एक खडा आडवा आला की बॉल स्टिकच्या वळणातून उडी मारून बाहेर. म्हणून इथल्या लीगमध्ये कॉर्नरला हिटच चालते. लक्षात असू द्या, कॉर्नरवर पहिला शॉट हिट असेल तर बॉल गोललाइनवर ४६० मिलिमीटरच्या आत, म्हणजे गोलमधल्या मागच्या बोर्डच्या उंचीत राहायला हवा. फ्लिकला ती अट नाही. टर्फवरच्या फ्लिकरला वरच्या कोपऱ्याची सवय असते, बोर्ड वाजवायची नसते. तेव्हा दहा फ्लिक आणि दहा हिट घ्या. पुश देणारा आणि थांबवणारा दोन्ही दिवस तोच ठेवा. पुश पोस्टपासून नियमाप्रमाणे १० मीटरवरूनच होऊ दे, जवळून नको. बॉल वर्तुळाबाहेर जाऊन थांबला नसेल तर तो प्रयत्न धरू नका, नाहीतर थांबवणाऱ्याची चूक पोराच्या नावावर चढते.

सामन्यात काय मोजायचं. नुसतं "छान खेळला" लिहिणारा माणूस नको. दोघं बसवा, एक बघेल आणि बोलेल, दुसरा लिहील. मैदानावरची मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण बदल्या चालू असतात आणि १५ मिनिटं खेळलेल्याची ३५ मिनिटं खेळलेल्याशी तुलना होत नाही. कागदावर एवढंच: किती बॉल त्याच्याकडे आले, पहिल्या स्पर्शात किती गेले, राहिलेल्यांपैकी किती पुढे गेले, किती आडवे, किती मागे, 'डी'मध्ये (गोलसमोरच्या वर्तुळात) बॉल नेला किंवा पाठवला किती वेळा, आणि स्वतः बॉल घालवल्यावर पहिल्या पाच सेकंदांत किती वेळा मागे लागला. हा शेवटचा रकाना सोडून दुसरं काही मोजलं नाहीत तरी चालेल, इतका तो बोलका आहे. बॉल घालवून कमरेवर हात ठेवून उभा राहणारा इन म्हणजे हाफला दुप्पट काम.

जमलं तर आणखी एक. बॉल येण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत तो मान वळवून खांद्यामागे बघतो का? व्हिडिओ हळू करून हे मोजता येतं. कॅमेरा उंचावर, मैदानाच्या बाजूने, सगळं मैदान दिसेल असा लावा. मोबाईल हातात धरून बॉलच्या मागे फिरवला की हे सगळं निसटतं.

राहिलं नावाचं वजन. बघणाऱ्याला नाव माहीत असेल तर तो पोराला बघत नाही, बापाला बघतो. याने पास चुकवला की "कल्पना काय भारी होती!", आणि तोच पास महापालिका शाळेच्या पोराने चुकवला की "डोकं नाही त्याला". म्हणून सगळ्यांना नंबरची बिब घाला, इथली चार-पाच ज्युनिअर पोरंही उतरवा, आणि गुण द्यायला कोल्हापूर नाहीतर लातूरकडचा कोच बोलवा, ज्याला यातलं कुणी चेहऱ्याने माहीत नाही. त्याला फक्त बिबचे नंबर द्या. वडील सोबत आलेच तर त्यांना सन्मानाने चहाला बसवा, पण साइडलाइनपासून लांब. नाहीतर पोरगा प्रत्येक पासनंतर तिकडे बघत राहतो आणि तुम्हाला त्याचा स्वतःचा निर्णय कधी दिसतच नाही.

---

निळीरेष

थोडं बाहेरचं उदाहरण देतो. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत, एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, हा प्रश्न जवळपास दरवर्षी येतो.

बॉबी हल हा त्यांचा फार मोठा गोल करणारा, ६१० गोल. मुलगा ब्रेट १९८४ च्या ड्राफ्टमध्ये ११७ व्या नंबरला गेला, म्हणजे सहाव्या फेरीत. त्याने पुढे ७४१ गोल केले. नाव असूनही सगळे संघ चुकले. उलट बाजू: मायकल नायलँडर यांची दोन मुलं, दोघंही पहिल्या फेरीत आठव्याच नंबरला. विल्यम २०१४ मध्ये टोरोंटोकडे, अलेक्झांडर २०१६ मध्ये बफेलोकडे. विल्यम संघाचा मुख्य खेळाडू झाला, अलेक्झांडरची बरीच वर्षं खालच्या लीगमध्ये ये-जा करण्यात गेली. बाप तोच, ड्राफ्टचा आकडाही तोच.

आपल्याकडे अशोक कुमार. ध्यानचंदांचे चिरंजीव, १९७५ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्धचा निर्णायक गोल त्यांचाच. म्हणजे नाव असलं की फसवणूकच असते असंही नाही. पाचवाहाफ, हे तुमच्यासाठी.

यातून घेण्यासारखं काय? बापाच्या खेळापेक्षा घरातल्या सोयी मोजा. तिकडे अशा पोराला सहाव्या-सातव्या वर्षापासून बर्फ मिळालेला असतो, कोच मिळालेला असतो. म्हणजे १७ व्या वर्षी तो पुढे दिसतो, पण त्यातला काही भाग निव्वळ लवकर सुरुवातीचा असतो आणि तो फरक २१ पर्यंत बाकीचे भरून काढू शकतात. तेव्हा आठवड्याला किती तास टर्फ, किती वर्षं, स्वतंत्र कोच होता का, हे सरळ विचारून घ्या. दुसऱ्या पोराने त्याच्या निम्म्या तासांत ऐंशी टक्के गाठलं असेल तर पुढच्या तीन वर्षांसाठी दुसरा घ्यावा.

जन्माचा महिनाही विचारा. कॅनडात १९८० च्या दशकातच लक्षात आलं होतं की वयोगटाच्या तारखेनंतर लगेच जन्मलेली पोरं निवडीत भरमसाट असतात. दहा-अकरा महिन्यांनी मोठं पोर त्या वयात मोठंच दिसतं. आपल्याकडे वयोगट १ जानेवारीला कापतात, म्हणजे जानेवारीतला आणि डिसेंबरातला एकाच रांगेत उभे राहतात.

एक फरक मात्र विसरू नका. एनएचएलचा संघ अठरा वर्षांच्या पोराला घेऊन चार-पाच वर्षं थांबू शकतो. तुमची लीग एका हंगामाची आहे. तुम्हाला उद्याचा स्टार नको, फेब्रुवारीत मुरमावर ३५ मिनिटं पळणारा लेफ्ट इन हवाय.

---

कमरपट्टा (फिजिओ)

मैदानावरचं मुरूमकरांनी सांगितलंय, मी अंगाचं सांगतो.

आधी उंची. वडील आणि आई दोघांची उंची विचारा, दोन्हींची बेरीज करून त्यात १३ मिळवा आणि दोनाने भागा. मुलग्याच्या प्रौढ उंचीचा ढोबळ अंदाज मिळतो; त्याच्या सात-आठ सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे धरून चाला. वडील १८०, आई १६० असतील तर १७६.५. पोरगा आजच १७७ असेल, दाढी-मिशी आलेली असेल, तर वाढ संपत आली. आज दिसतोय तोच वेग आणि तीच ताकद, फुकटात आणखी मिळणार नाही, जिममध्ये कमवावी लागेल. आणि तो १६८ वर असेल, गेल्या वर्षात तीन-चार सेंटिमीटर वाढला असेल, तर आजचे धावण्याचे आकडे कमी येतील, पण त्यात वाढीला जागा आहे. या सूत्राचा उपयोग ड्राफ्टमध्ये इतकाच, त्यावरून कुणाला रद्द करायचं नाही.

दुसरी कंबर. ड्रॅग फ्लिकमध्ये पाठ वाकवून, पिळून, पुढच्या पायावर सगळं वजन टाकलं जातं. वाढत्या वयात जास्त फ्लिक मारणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्याला मागच्या बाजूने बारीक तडा जाऊ शकतो, वेगवान बॉलरला जातो तसाच. आठवड्याला किती फ्लिक मारतो ते विचारा. "रोज शंभर" हे उत्तर अभिमानाने आलं तर सावध व्हा. एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगा, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला कमरेत कळ आली तर ट्रायल थांबवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. कळ आली नाही म्हणजे काही नाहीच, असंही समजू नका. पुढच्या पायाचा गुडघा आणि मांडीचा मागचा भाग, इथल्या जुन्या दुखापतींचीही चौकशी करा. अशा घरांत "काही नाही, जरा आखडलंय" हे उत्तर फार मिळतं. वडील स्वतः दुखणं अंगावर काढून खेळलेले असतात.

धावणं. सोपी आणि खरी चाचणी: ३० मीटरचे ६ स्प्रिंट, दर ३० सेकंदांनी एक. सगळ्यांची वेळ घ्या. सर्वात चांगल्या वेळेला ६ ने गुणा आणि एकूण वेळ त्याच्याशी ताडून बघा. समजा चांगली वेळ ४.४, एकूण २७.६. ४.४ गुणिले ६ म्हणजे २६.४. फरक १.२ सेकंद, म्हणजे साडेचार टक्के घसरण. माझ्या मते पाचच्या आत असेल तर उत्तम, आठच्या पुढे असेल तर चौथ्या क्वार्टरला तो नुसता उभा दिसेल. घड्याळ धरणारा दोन्ही दिवस एकच माणूस ठेवा, हाताच्या घड्याळात माणूस बदलला की दोन-तीन दशांश सहज बदलतात.

पुण्याहून येणार असेल तर आदल्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येऊ दे, रात्री झोपू दे. चार तास रेल्वेत बसून उतरल्या उतरल्या स्प्रिंट घेतले तर आकडे खोटे येतातच, शिवाय मांडी धरण्याची भीती. आणि बूट! टर्फचे बारीक रबरी ठिपक्यांचे बूट मुरमावर सरकतात. त्याला आधीच कळवा, नाहीतर तुम्ही पोराची नाही, बुटांची ट्रायल घ्याल.

---

चिठ्ठीबहाद्दर

ड्राफ्टचा हिशेब कुणीच केला नाही, मी करतो.

तुमच्या ३ आणि १० च्या मध्ये सहा निवडी आहेत, पण संघ तीनच: ४, ५ आणि ६ नंबरचे, प्रत्येकाला दोन-दोनदा संधी (४-५-६ आणि मग ७-८-९ वर उलट ६-५-४). १ आणि २ नंबरचे संघ तोवर परत येतच नाहीत. म्हणजे "सगळे टपलेत" असं मालक म्हणतील, पण घाबरायचं ते तीनच संघांना. त्यांनी ड्राफ्टच्या आधीच ज्युनिअर (एकोणीस वर्षांखालचे) किती राखलेत ते बघा. ज्यांचे तीन भरलेत किंवा दोन भरलेत, ते पहिल्या दोन फेऱ्यांत आणखी ज्युनिअर कशाला घेतील?

दुसरं, या पोराची तुलना सिनिअर लेफ्ट इनशी करू नका. तुमचा नियम आहे की एक ज्युनिअर सतत आत पाहिजे. मग तुलना उरलेल्या ज्युनिअरांशी करा. २२ व्या नंबरला जो ज्युनिअर सहज मिळणार आहे त्याच्यापेक्षा हा किती सरस? फरक मोठा असेल तर १० वर घ्या. फरक थोडाच असेल तर ३ आणि १० वर सेंटर हाफ आणि गोलकीपर उचला. मुरमावर गोलकीपरला सोन्याचा भाव, बॉल कुठून उसळेल त्याचा नेम नसतो.

फ्लेक्सचं म्हणाल तर वडिलांना उद्घाटनाला पाहुणे म्हणून बोलवा. त्याला ड्राफ्टचा नंबर खर्चावा लागत नाही, शाल-श्रीफळावर भागतं.

---

सोळायार्ड (सोलापूर)

दोन्ही दिवस पार पडले. सांगितलं होतं तसंच केलं: बिब, बाहेरचा कोच, उंचावर कॅमेरा, इथली पाच ज्युनिअर पोरं सोबत. वडील आले होते, दुसऱ्या टोकाला झाडाखाली बसले, एक शब्द बोलले नाहीत. आकडे असे:

पहिला दिवस: ४१ मिनिटं खेळला. ३४ बॉल आले, पहिल्या स्पर्शात ११ गेले. बॉल घालवल्यावर १३ पैकी ४ वेळा मागे लागला. डीमध्ये ५ वेळा.

दुसरा दिवस: ३८ मिनिटं. ३१ बॉल, ५ गेले. मागे लागणं १२ पैकी ५. डीमध्ये ८ वेळा.

कॉर्नर (दोन्ही दिवस मिळून, स्वच्छ थांबलेलेच धरलेत): फ्लिक १०, गोलवर ४, तीनदा बॉल स्टिकमधून उडाला, उरलेले बाहेर. हिट १०, त्यातल्या ७ बोर्डच्या उंचीत आणि गोलवर.

स्प्रिंट: चांगली वेळ ४.३, एकूण २८.०. कमरेत काही तक्रार नाही. उंची १७५, सूत्राने १७७ येते. जन्म ऑक्टोबरचा.

बाहेरच्या कोचने बिबच्या नंबरांवरून सहा ज्युनिअरांत त्याला दुसरा लावला. पहिला इथलाच राइट हाफ आहे, पाचवाहाफ यांना आनंद होईल. ४ नंबरच्या संघाने एकही ज्युनिअर राखलेला नाही. ५ आणि ६ ने दोन-दोन राखलेत.

---

मुरूमकर

पहिला स्पर्श बघा. ३४ पैकी ११ म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा वाया, आणि दुसऱ्या दिवशी ३१ पैकी ५, म्हणजे सहावा हिस्सा. एका रात्रीत निम्मं. तुम्ही मध्ये काही सांगितलं होतं का? नसेल तर हे पोर स्वतःहून शिकतंय. टर्फ, कोच, महागडी स्टिक हे घरातून आलं असेल, पण हे घरातून येत नाही. व्हिडिओत दुसऱ्या दिवशी पाय बॉलच्या रेषेत आलेत का तेवढं तपासा. ते नसेल आणि नुसता बॉल सरळ येत होता म्हणून आकडा सुधारला असेल, तर माझं म्हणणं मागे घेतो.

हिट १० पैकी ७! फ्लिकवाल्या पोराकडून हे अपेक्षित नव्हतं. वडील हिटर होते, घरात शिकवली असणार. मुरमाच्या लीगमध्ये हीच कामाची. ड्रॅग फ्लिकचा हट्ट त्याला इथे करू देऊ नका, कमरेलाही बरं.

मागे लागणं मात्र वाईट. १३ पैकी ४, मग १२ पैकी ५. हे सुधारलेलं नाही, जागच्या जागी आहे.

---

कमरपट्टा (फिजिओ)

आणि त्याचं कारण स्प्रिंटमध्ये दिसतंय. ४.३ गुणिले ६ म्हणजे २५.८, एकूण २८.०, म्हणजे साडेआठ टक्के घसरण. पाय वेगवान आहेत, दम नाही. मागे लागत नाही तो स्वभावामुळे की दमामुळे, हे कळायला पहिल्या क्वार्टरचे आणि चौथ्या क्वार्टरचे आकडे वेगळे करा. पहिल्या क्वार्टरलाही कमरेवर हात असतील तर ती सवय आहे आणि सवय एका महिन्यात जात नाही. दम असेल तर ड्राफ्टपासून पहिल्या सामन्यापर्यंत आठवड्यातून दोनदा छोटे स्प्रिंट देऊन बराच फरक पडतो. उंची जवळपास पूर्ण झालीय, तेव्हा "अजून भरेल" या आशेवर राहू नका.

---

सोळायार्ड (सोलापूर)

वेगळे केले. पहिला क्वार्टर, दोन्ही दिवस मिळून: ७ पैकी ५ वेळा मागे लागला. चौथा: ८ पैकी १. म्हणजे दमच. व्हिडिओत दुसऱ्या दिवशी पाय रेषेत आहेत, स्टिकही झुकलेली आहे. मध्ये आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं.

---

चिठ्ठीबहाद्दर

मग ३ वर नकोच. ३ वर गोलकीपर किंवा सेंटर हाफ. धोका एकट्या ४ नंबरच्या संघाचा, त्यांना ४ आणि ९ अशा दोन संधी आहेत. ४ वर त्यांनी याला उचललं तर जाऊ दे, तुमच्याकडे बिबच्या यादीतला पहिला, तो राइट हाफ, १० वर आहेच. ४ वर नाही उचललं तर ९ वर तुमच्या छातीत धडधड होईल, होऊ दे. दोघंही १० पर्यंत उरले तर राइट हाफ आधी घ्या की हा, ते तुमच्या संघात कॉर्नरला हिट मारणारा आधीच आहे का त्यावर ठरवा.

---

पाचवाहाफ

राइट हाफ आधी. आणि ट्रायलचे आकडे बाहेर कुणाला दाखवू नका, ४ नंबरवाले हा फोरम वाचतात.

---

सोळायार्ड (सोलापूर)

कॉर्नरला हिटर नाही आमच्याकडे. मालकांना आज संध्याकाळी कागद घेऊन भेटतोय. फ्लेक्सवर गोलकीपरचा फोटो चालेल का, ते तेवढं विचारायचं आहे.